अर्धी चिंधी

दुकानातल्या ट्यूबलाइटवर चिंधीकाकांचा काडीचा विश्वास नव्हता. कापड पसंत पडलं की ते गिऱ्हाइकाला फ्रीगंज बाजारातल्या रस्त्यालगत, दुकानाच्या पायरीवर उन्हात आणायचे. "इथे बघा. आत सगळंच छान दिसतं."

भैरवगढला लाकडी ठशांनी छापल्या जाणाऱ्या कापडाची ऑर्डर घेताना ते नमुन्याची चिंधी कापून तिचे दोन तुकडे करत. एक गिऱ्हाइकाला, एक त्यांच्या बिस्किटांच्या डब्यात. माल आला की दोन्ही तुकडे पायरीवर ताग्याला लावून बघायचे. "जुळलं तर तुम्ही न्यायचं, नाही जुळलं तर मी परत घ्यायचं. इसमें झिकझिक नहीं." एकदा एका बाईंना पडद्याचं कापड फार आवडलं, पण निळा रंग नमुन्याहून फिका होता. काका देईनात! "अहो, मला आवडलंय ना?" "आवडलं असेल हो, पण तुम्ही सांगितलेलं हे नाही."

मी माधव नगरला घरी चादरी शिवून विकते. इंदूरच्या एका हॉटेलसाठी मी काकांकडे लाल छाप्याचं कापड सांगितलं. ठरल्या दिवशी माल आला आणि नेमका त्याच सकाळी हॉटेलवाल्यांचा फोन, "कॅन्सल कर दीजिए." एवढ्या कापडाचं मी करू काय? पायरीवर माझा तुकडा ताग्याला लावला आणि म्हटलं, "काका, लाल जरा वेगळा वाटतोय."

लाल तोच होता, तंतोतंत. माझी जीभ कशी झडली नाही कोण जाणे!

काकांनी चष्मा पुसला, वाकून पुन्हा पाहिलं. "मला तर एकच दिसतोय गं. पण तू म्हणतेस म्हणजे असेल. डोळे गेले बेटा माझे." वाद नाही, आवाज चढला नाही. सगळा माल परत घेतला. माझा तुकडा मात्र पर्समध्ये तसाच राहिला.

महिन्याभरात दुकानाचं शटर कायमचं खाली आलं. ज्याला रंग कळत नाही त्यानं कापड विकू नये, असं ते सगळ्यांना सांगत होते म्हणे. मी रोज ठरवायची, आज जाते, खरं सांगते. लाज वाटायची. मग उद्यावर ढकलायची. असे किती 'उद्या' गेले! शेवटी व्हॉट्सॲपवर बातमीच आली, काका गेले.

काकूंना भेटायला गेले तेव्हा त्यांनी तो बिस्किटांचा डबाच पुढे केला. वरच माझ्या नमुन्याचा अर्धा तुकडा. "रोज हा घेऊन अंगणात उन्हात बसायचे. म्हणायचे, कुठे चुकलो ते एकदा दिसू दे. तुला दिसला होता ना गं फरक?"

मी पर्समधला माझा तुकडा काढून त्याच्या शेजारी ठेवला.

"फरक नव्हताच काकू. मी खोटं बोलले."

काकूंनी दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून डब्यात ठेवले.

"एवढंच त्यांना सांगायचं होतंस गं," त्या म्हणाल्या.