पूजेचा नकाशा

अंजनगाव सुर्जीला उत्तमरावांच्या घरी देवमन मिस्त्री दर चैत्रात येतो. येताना थापी, छोटी छिन्नी, अर्धी गोणी सिमेंट आणि जाळीचा तुकडा घेऊन येतो. स्वयंपाकघराच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी गेलेली भेग खरवडतो, धुतो, भरतो. पावसाळ्यात भेग मिटल्यासारखी दिसते. माघ-फाल्गुनात काळी जमीन वाळून फाटली की भेग पुन्हा तोंड उघडते. मग पुन्हा देवमन. मजुरी घेत नाही. बेबीताई त्याला पाटावर बसवून भाकर आणि झुणका वाढतात, वर म्हणतात, "तुमीच एक भले भेटले आमाले, मिस्तरीभाऊ. नाईतर त्या पोरीनं तं घराचं पार वाटोळंच केलं."

देवमन खाली मान घालून जेवतो.

तो मूळचा बार्शीटाकळीचा. चौथीत शाळा सुटली, पण हात शिकले. आधी विटांवर पाणी मारलं, मग थापी धरली, मग ओळंबा. अकोल्याच्या खुशालराव ठेकेदाराकडे त्याची बावीस वर्षं गेली. खुशालराव साइटवर दोनदाच उगवायचे, भूमिपूजनाला आणि स्लॅबला. मधलं सगळं, म्हणजे चुन्याची आखणी, खोदकाम, पाया, कॉलम, विटा, प्लास्टर, देवमनच्या जिवावर. आकडे त्याला वाचता यायचे. बाकीचा नकाशा तो रेघांवरून ओळखायचा, आणि बहुतेक वेळा ओळखायची गरजही पडायची नाही. "घर माह्या डोक्यात असते," तो म्हणायचा, "कागद साहेबलोकाईच्या समाधानाले."

खुशालरावांच्या साइटवर एक जुनी रीत होती. भूमिपूजनाला कुदळ-फावड्याबरोबर नकाशाचीही पूजा करायची. पूजा झालेला कागद शेडच्या भिंतीवर लावायचा आणि काम संपेस्तोवर उतरवायचा नाही. उत्तमरावांच्या वेळीही तसंच झालं. उत्तमराव-बेबीताई माळी माणसं, वांगी-मेथी विकून उभी राहिलेली. गावाच्या कडेला मळ्यातच घर बांधायचं ठरलं. जमीन अशी काळी की मूठ दाबली तर तळहात तुकतुकीत व्हावा. माती तपासायला दिली होती, अहवाल यायचा होता, पण मुहूर्त काही अहवालासाठी थांबणार नव्हता. बेबीताईंनी स्वतः नकाशावर कुंकवाची पाच बोटं उमटवली. देवमननं तो प्लास्टिकमध्ये घालून शेडमध्ये लावला आणि रोज सकाळी त्याच्यापुढे अगरबत्ती फिरवू लागला.

त्या नकाशात पाया पाच फूट होता.

आठव्या दिवशी अमरावतीच्या आर्किटेक्टच्या ऑफिसातून दीपमाला आली. कॉलेजातून निघून वर्ष झालेली इंजिनियर, पाठीला बॅग, हातात गुंडाळी. खड्डे पाच फुटांवर आले होते. ती काठावर उभी राहून म्हणाली, "काका, थांबवा. मातीचा अहवाल आला. मुरूम साडेआठ फुटावर आहे. पाया नऊ फूट न्यायचा. हे नवं ड्रॉइंग."

"नऊ?" देवमन खड्ड्यातून हसला. "मॅडम, विहीर खोदाची हाय का घर बांधाचं हाय?"

मजूर खिदळले. दीपमालाही थोडं हसली, पण तिनं गुंडाळी पुढंच धरली. "काळी माती फुगते आणि आकसते, काका. तिच्यात पाया ठेवला तर घर तिच्यासोबत नाचंल. आणि तो शेडमधला कागद काढून टाका. नवा आला की जुन्यावर लाल रेघ मारायची, नाहीतर घोटाळा होतो."

"पूजेच्या कागदावर लाल रेघ?" देवमननं कानाला हात लावले. "बेबीताईले सांगा तुमी. मी नाई सांगत, बाप्पा."

"बरं, रेघ नका मारू. नुसता उतरवा. आणि ही पोच, इथं सही करा."

"हात भरले हाय ना, मॅडम. ठेवा तिथं, मागून करतो."

तिची शेवटची एसटी होती. ती घाईत गेली. पोच तशीच राहिली. देवमननं नवी गुंडाळी सिमेंट लागू नये म्हणून पिशवीत घालून शेडच्या आढ्याला खोचली. नीट खोचली, हे त्याला आजही आठवतं. वाईट हेतू नव्हता म्हणावं तर तेही खरं नाही. खोदणारं यंत्र दर्यापूरच्या कामावर गेलं होतं, ते परत आणायचं म्हणजे खुशालरावांची बोलणी. पूजा झालेला कागद उतरवायचा म्हणजे अपशकुन. आणि ह्या दोन्हींच्या खाली, मुरमासारखी टणक, तिसरी गोष्ट होती: कालची पोरगी आपल्याला पाया शिकवणार?

दीपमाला शनिवारी खड्ड्यांची खोली मोजायला येणार होती. देवमननं मजूर आणि मिक्सरवाले शुक्रवारीच बोलावले आणि काँक्रीट ओतून घेतलं.

शनिवारी ती आली तेव्हा खड्डे भरून, वर माती लोटून झाली होती. "मी यायच्या आधी काहून भरलं?" ती चिडलीच.

"मिक्सरवाले आलते, मॅडम. वापस धाडले असते तं आठ दिवस गेले असते."

"खोली?"

"नऊ फूट. खाली मुरूम लागला, पिवळाजर्द." आणि वर त्यानं म्हटलं, "पांढरे केस काय उन्हात झाले का माहे?"

तिनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग रजिस्टर उघडून लिहिलं, पायाची खोली नऊ फूट, तपासली. खाली सही केली.

घर दिमाखात उभं राहिलं. दुसऱ्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराचं दार अडकू लागलं, मग भिंत तडकली, बेबीताईंचं बोट जाईल एवढी. अंगणात सगळे जमले, अमरावतीचे आर्किटेक्ट साहेब, खुशालराव, दीपमाला, देवमन. भिंतीशेजारी खड्डा खणून पाया उघडा केला. टेप लावला. पाच फूट दोन इंच.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. "नऊ फूट, तपासली. ही सही तुझीच ना?"

"मिस्त्रीकाकांनी सांगितलं तसं लिहिलं, सर."

खुशालराव मध्येच बोलले, "मिस्तरी सांगते ते लिवाचं असते का मोजाचं असते, मॅडम? इंजिनियर कोण, तुमी का तो?"

"नवं ड्रॉइंग मी काकांच्या हातात दिलं होतं. विचारा त्यांना."

"पोच?" साहेब म्हणाले.

पोच नव्हती. सगळे देवमनकडे वळले. खुशालरावांची नजर त्याच्यावर होती, बावीस वर्षांची नजर. दीपमाला त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तो खरं सांगेल अशी तिला खात्री होती.

"नवा कागद मले भेटलाच नाई, भाऊ," देवमन उत्तमरावांना म्हणाला. "मले काय मालूम?"

तिनं टेप गुंडाळून पिशवीत ठेवला आणि साहेबांच्या गाडीत जाऊन बसली. महिनाभरात तिची नोकरी गेली. पुढं कुणीतरी सांगितलं, अमरावतीला घरी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. देवमननं पुढच्याच चैत्रात भेग भरायला सुरुवात केली. बायको सुभद्रा विचारायची, फुकट काहून जाता? तो म्हणायचा, माह्या हातचं घर हाय, जीव लागते.

यंदाही तो आला. भेग धुऊन अर्धी भरली होती. उत्तमराव खुर्चीवर बसून गप्पा मारत होते. समाजाच्या सभागृहाचं काम निघालं होतं, उत्तमराव समितीत होते.

"कोणं कोणं अर्ज केला, मालूम हाय का मिस्तरी?" ते म्हणाले. "ते दीपमाला! आता सोताचं ऑफिस काढलं म्हणे तिनं अमरावतीले. परवाच्या बैठकीत मी उभा राह्यलो. म्हटलं, माह्या घरी चला, भिंत पाहा, मंग तिले काम द्या. काढून टाकलं नाव."

चुलीपाशी बसलेल्या बेबीताई म्हणाल्या, "बरं केलं. आणखी एखाद्याचं घर मोडलं असतं."

देवमननं थापी खाली ठेवली.

"त्या पोरीनं काई नाई केलं, भाऊ," तो म्हणाला. "कागद मले भेटला होता."

मग त्यानं सगळं सांगितलं. आढ्याची गुंडाळी, शुक्रवारचे मजूर, पिवळाजर्द मुरूम. बोलताना एकदाही अडखळला नाही. सहा वर्षं हेच वाक्य तोंडात घोळत होतं, फक्त बाहेर पडत नव्हतं.

उत्तमराव उठून दारापर्यंत गेले, परत आले. "परवा," ते म्हणाले. "मिस्तरी, फकस्त परवा. दोन दिवस आधी तोंड उघडलं असतं तं?" त्यांनी समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, काम दुसऱ्याला दिलं, काल करारावर सह्या झाल्या.

बेबीताईंनी काढलेलं ताट तसंच फडताळात ठेवलं. "सहा वर्सं माह्या हातचं खाल्लं तुमी," त्या म्हणाल्या. "अन् मी तिले शिव्या देत राह्यली. तुमी आयकत राह्यले." मग भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, "राहू द्या ते. बाकीचं दुसरं कोणी करीन."

देवमन थापी पुसू लागला. तेवढ्यात उत्तमरावांनी दीपमालाला फोन लावला. अर्जावर नंबर होताच. त्यांनी माफी मागितली, समितीत सगळ्यांसमोर खरं सांगतो म्हणाले, दोनदा म्हणाले. शेवटी ती म्हणाली, "काका तिथं आहेत का? द्या त्यांना."

देवमननं सिमेंटचा हात धोतराला पुसून फोन धरला. "मॅडम," तो म्हणाला.

"एकच विचारते, काका. त्या शनिवारी मी हट्ट धरला असता, उकरून मोजलं असतं, तर कळलं असतं ना? मी रोज स्वतःला तेच सांगते. मोजायला पाहिजे होतं."

"तुमाले मोजता येऊ नये म्हणूनच आदल्या दिवशी भरलं, मॅडम."

"म्हणजे मिक्सरवाले तुम्हीच बोलावले? मुद्दाम?"

"हाव. मुद्दाम."

त्याला वाटलं, आता ती रागावेल. तिनं रागवावं असंही वाटलं.

"सही करायच्या आधी मी तुमच्याकडे बघितलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

देवमननं आठवून पाहिलं. बरं वाटलं होतं. जिंकल्यासारखं. ओठांवर आलेलं ते त्यानं सांगून टाकलं, कारण आता खोटं बोलायला काही उरलं नव्हतं.

तिनं फोन ठेवला. देवमन फोन कानाला लावूनच बसून राहिला, तेव्हा उत्तमरावांनीच तो हलकेच त्याच्या हातातून काढून घेतला.