नवी चिप आणि आबांचा ऊस

मी बारामतीत एका छोट्या कंपनीत कर्नलचं काम करतो. कर्नल म्हणजे यंत्राच्या आतला असा प्रोग्राम, जो बाकीच्या सगळ्या प्रोग्रामना कामाला लावतो आणि स्वतः कुणाला दिसत नाही. आमच्या गावी, निरवांगीत, हे समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला. पोरगा काय करतो असं कुणी विचारलं की आई म्हणते, "काय तरी कॉम्प्युटरचं हाय," आणि विचारणारा लगेच पावसापाण्यावर येतो.

आमची कंपनी ठिबकसाठी एक पेटी बनवते. जमिनीतला सेन्सर ओल मोजतो, पेटी तो आकडा वाचते आणि गरज असेल तर मोटर चालू करून पाणी सोडते. पहिली पेटी मी आमच्याच उसात बसवली. माझे वडील, म्हणजे आबा, बांधावरून घसरून गुडघा फोडून घेऊन बसले होते. डॉक्टर म्हणाले, शेतात जायचं नाही. आबांनी डॉक्टरसमोर मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन शेतात गेले. आईनं मला बाजूला घेतलं. "तुझं ते शिक्षाण का काय हाय, ते ह्या मानसाला घरात बसवायला वापर. पुन्यांदा पडला, तर माझ्याच्यानं उचलायचा न्हाय."

पेटी बसली, ऊस पोसला, आबा घरी राहिले. मी गावात जरा छाती काढूनच फिरत होतो.

मग त्या पेटीतली चिप बाजारात मिळायची बंद झाली. नवी आली ती दुसऱ्या जातीची. आपण लिहितो ते कोड चिपला थेट कळत नाही, मध्ये कंपायलर नावाचा दुभाषा लागतो. नव्या चिपबरोबर तोही नवा घ्यावा लागला. जुना कंपायलर आमच्या गावातलाच असावा. काहीही लिहा, "चालतंय की" म्हणून पुढं ढकलायचा. नवा मात्र लग्नातल्या वरमाईसारखा, मानपानात खोट काढल्याशिवाय पंगतीला न बसणारा. कितीतरी दिवस मी त्याच्या नाकदुऱ्या काढल्या. शेवटी स्वारी प्रसन्न झाली, टेबलावरच्या सगळ्या चाचण्या पास झाल्या आणि एका रविवारी, शेतात कशी चालते ते बघायला, मी आमच्या उसातली जुनी पेटी काढून नवी बसवली.

त्यानंतर ऊस सुकायला लागला.

माझा मोबाईल सांगत होता, जमीन ओलीचिंब आहे, पाण्याची गरज नाही. आबा सांगत होते, "पानांच्या सुरळ्या हुयाला लागल्यात. तुझ्या पेटीला म्हणावं, डोळं उघड." मी म्हटलं, मीच पाणी सोडून येतो. "तुला कुठला कॉक कुठं हाय, ते तरी म्हाईत हाय का?" मला माहीत नव्हतं. आबांनी काठी घेतली आणि निघाले. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायची, पण ताट असं आपटायची की आमटी उडायची.

मी लॅपटॉप घेऊन बांधावर गेलो. आधी सेन्सर तपासावा म्हणून त्याची तार उपसली, तर तारेच्या टोकाला सेन्सरच नाही. नुसतं टोक मातीत व्यवस्थित पुरलेलं. घरी येऊन मी चोरी झाल्याचं जाहीर केलं.

आबा शांतपणे उठले, लोखंडी कपाट उघडलं आणि आईच्या ठेवणीतल्या साड्यांखालून एक पिशवी काढली. आत सेन्सर. धुतलेला, पुसलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला.

"एवढी म्हागाची वस्तू चिखलात कोन पुरतं व्हय?"

"आबा, कधी काढला हा?"

"पयली पेटी बसवून तू बारामतीला गेलास, त्याच दिशी."

ज्या घरात टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, तिथं मी दुसरी अपेक्षा तरी कशी केली?

मग सगळा उलगडा झाला. सेन्सर सापडला नाही की माझा कोड एका छोट्या खणात 'उणे एक' असा आकडा ठेवायचा. त्याचा अर्थ, मला काही कळत नाही, घड्याळाप्रमाणे पाणी सोडा. म्हणजे माझी हुशार पेटी इतके दिवस नुसती गजराचं घड्याळ होती. नव्या चिपवर मात्र त्या छोट्या खणात शून्याखालचा आकडा मावत नव्हता. उणे एक टाकला की तो दोनशे पंचावन्न म्हणून वाचला जायचा, आणि दोनशे पंचावन्न म्हणजे उसात तळं साचलंय. गंमत अशी, की कोडच्या भाषेच्या नियमात दोन्ही बरोबर. जशी चिप, तसा अर्थ. दुरुस्ती एका शब्दाची होती: इथं उणे आकडाही येईल, असं स्पष्ट लिहायचं.

कर्नलचा हा कोड खुला असतो, जगभरातले लोक तो वापरतात, म्हणून दुरुस्ती तो सांभाळणाऱ्यांकडेही पाठवली. तिकडच्या एका तपासनिसानं खवचटपणे विचारलं, सेन्सर नसताना पेटी चालू, असं प्रत्यक्षात कधी घडतं का? मी लिहिलं, वापरणाऱ्यानं तो सुरक्षिततेसाठी कपाटात साड्यांखाली ठेवला आहे. दुरुस्ती मंजूर झाली. असे आबा सगळ्या देशांत असावेत.

नवा कोड पेटीत घातला त्या सकाळी आबा बूट घालून तयारच होते. मी म्हटलं, थांबा, आज मी बघून येतो. शेतात पोचलो तेवढ्यात घड्याळाच्या वेळेला मोटर आपोआप चालू झाली. मी आबांना फोन लावला आणि मोबाईल नळीजवळ धरला. पाणी शिरताना आतली हवा फुसफुसत बाहेर पडत होती. ते बराच वेळ ऐकत राहिले.

घरी आलो तर ते पलंगावर बसलेले, काठी मांडीवर आडवी.

"वड्याकडंचा पट्टा भिजला?"

"भिजला."

"आन् वरचा?"

"तोपण."

त्यांनी वाकून बूट काढले, पलंगाखाली सारले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मग आता मी सकाळी उठून करायचं काय?"

मला आनंद व्हायला हवा होता. फार वाईट वाटलं. त्यांना घरात बसवायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं, बसल्यावर त्यांचं काय करायचं हे मी विचारलंच नव्हतं. आईची जीत झाली होती. आतून भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप आणून तिनं त्यांच्यासमोर ठेवलं.

"ह्या फोडा."

आबांनी एक शेंग फोडली, दाणे तळहातावर घेऊन नीट बघितले.

"ह्याला पानी कमी पडलंय," ते म्हणाले.