कुसुमताईंची उसनी जीभ

मी कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामात खोट काढायची आणि त्याचाच पगार घ्यायचा. ब्रॅकेटचं भोक केसभर तिरकं पडलं तरी मी लाल टॅग लावतो, मग ऑपरेटर कितीही हात जोडो. असा हा खडूस माणूस कुसुमताईंच्या बटाट्यापुढे मात्र शेपूट घालून बसला, आणि त्याचे भोग त्या बाईच्या वाट्याला आले.

कुसुमताई परांड्याकडच्या. नवरा ज्योतीराम भोसरीतल्या एका फाउंड्रीत कामाला होता. तो गेला तेव्हा दीर त्यांना गावी न्यायला आले. ताई गेल्या नाहीत. चिखलीत दोन खोल्या घेऊन त्यांनी मेस काढली आणि गाव सोडून आलेल्या आमच्यासारख्या पोरांना सोळा वर्षं जेवू घातलं. वरण-भात, भाजी-भाकरी कुठंही मिळते. ताईंकडे लोक यायचे ते तोंडी लावायच्या खरपूस बटाट्यांसाठी.

लिंबाएवढे बटाटे सालासकट मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडायचे, कापडावर कोरडे करायचे, तळहातानं दाबून जरा भेगा पाडायच्या आणि लोखंडी कढईत बेताच्या तेलात मंद आचेवर परतत राहायचं. झाकण बिलकूल नाही. "झाकलं की घामेजत्यात," ताई म्हणायच्या. ठेचलेला लसूण आणि काळं तिखट अगदी शेवटी, गॅस बंद करून. साल कुरकुरीत, आत लोणी. एकदा मी वरण-भात बाजूला सारून नुसते बटाटेच तीन वाट्या हाणले, तर ताईंनी "भस्म्या झालाय का रं तुला?" म्हणून उलथनं उगारलं होतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ताईंना ताप आला. ताप गेला, पण जाताना वास आणि चव घेऊन गेला. येईल महिन्या-दोन महिन्यांत, असं डॉक्टर म्हणाले. आली नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. स्वयंपाक करणारीलाच चव लागत नाही म्हटल्यावर तिच्या पंगतीला कोण बसेल? हाताच्या अंदाजानं, फोडणीच्या आवाजानं, रंग बघून त्या रेटत राहिल्या. मला कळलं ते अचानक. मी पाणी प्यायला आत गेलो, तर शेगडीवर दूध करपून वासानं घर भरलं होतं आणि ताई शेजारीच उभ्या राहून निवांत कोथिंबीर निवडत होत्या.

"सुजित, माझी जीभ मेली रं," त्या पाटावर बसत म्हणाल्या. "मीठ टोचतंय तेवढं कळतं. गोड-कडू काई कळंना. आता तू चाखून सांगत जा. खरं खरं सांग. अन् कुणाला बोलू नगंस."

मी छाती फुगवून हो म्हटलं. क्वालिटीचा माणूस ना!

दरम्यान मेसला गळती लागली होती. साठ पोरं होती, ती अठरावर आली. कुणी फोनवरून मागवतं, कुणी रावेतला फ्लॅट घेऊन बायको आणतं. ताईंपुढे दोनच वाटा उरल्या. एखाद्या कँटीनचं काम, नाहीतर दिराचं घर. "ताट मिळंल रं तिथं," त्या म्हणाल्या. "पण चुलीला हात लावू देणार न्हाईत. जाऊबाईची चूल हाय ती. मी नुसती बसून काय करू?" हे सांगताना त्यांनी पदरानं उगाच हात पुसले. मला फार वाईट वाटलं.

चाकणला आमच्या कंपनीत कँटीनवाला बदलायचं चाललं होतं. मी अॅडमिनच्या दिग्विजय सरांच्या मागे लागलो. शेवटी ते म्हणाले, "आण बाबा तुझ्या ताईंना. शुक्रवारी साठ जणांचं जेवण करू दे. पसंत पडलं तर काम त्यांचं. आणि ते तुझे बटाटे पाहिजेतच."

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. त्या सुमाराला बाजारात येणारा बटाटा बहुतेक कोल्ड स्टोरेजचा. तिथल्या गारठ्यात बटाटा गोड होतो. आणल्यावर दहा-बारा दिवस घरात पसरून ठेवला की गोडी उतरते. ताईंना हे पाठ होतं. पोतं फोडलं की आधी एक चकती कच्चीच चावून बघायच्या त्या. आता चावून काय कळणार? चाकणच्या बाजारात त्यांनी बबनराव व्यापाऱ्याला दोनदा विचारलं. "व्हय ताई, गोडी उतरलेलाच माल हाय. बिनघोर न्या," बबनराव म्हणाले. ताईंनी पोतं उचललं.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी त्यातले मूठभर बटाटे करून बघितले. नेहमीपेक्षा लवकर झाले आणि रंगही गडद तांबूस आला. ताई हरखल्या. "काय रंग चढलाय बघ! देवाच्याच मनात हाय." मी एक तोंडात टाकला. गुळमट, रताळ्यासारखा. आणि मागून करपल्याचा कडवटपणा. ताई हात पदरात गुंडाळून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

आमच्या घरी ताटातल्या अन्नाला नाव ठेवायचं नाही. एकदा मी भाजीला खारट म्हटलं, तर आईनं ताट उचललं ते दुसऱ्या दिवशी सकाळीच पुढं आलं. वडील आळणी आमटी पिऊन ढेकर द्यायचे. मेसमधली सगळी पोरंही याच वळणाची. ताईंचा हात मध्ये कितीदा चुकला असेल, एकानंही तोंड उघडलं नव्हतं. इतक्या उशिरा दुसरे बटाटे कुठून आणायचे, हाही विचार मनात आला, नाही कसं म्हणू? पण खरं कारण एवढंच, की त्यांच्या हातचं खाऊन 'वाईट झालंय' असं म्हणायला माझी जीभ वळली नाही.

"एक नंबर, ताई," मी म्हणालो.

शुक्रवारी कँटीनमध्ये साठ ताटं वाढली. आमटी ओरपली, भाकरी संपली, ठेचा पुन्हा मागितला. बटाटे मात्र ताटाच्या कडेला सरकलेले. दिग्विजय सर मेसमधल्या पोरांसारखे थोडेच होते! हात धुता धुता ते सरळ म्हणाले, "काय हो, बटाट्यात गूळ घालता का तुमच्याकडं?" शेजारचे दोघं-तिघं हसले. ताई वाढायची पळी हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी सरांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

परतताना टेम्पोत आम्ही भांड्यांच्या मागे बसलो होतो. तळवडे येईपर्यंत त्या हलणारी भांडी सावरत होत्या. मग विचारलं, "कालबी असंच लागत होतं?"

"हो."

"मग?"

"अन्नाला नाव कसं ठेवायचं, ताई?"

"मी तुला जेवायला बोलावलं हुतं का?" त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "जेवायला अठरा जण हायत. तुझ्याकडनं मी जीभ मागितली हुती."

मला टेम्पोतून उडी मारावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी मी दिग्विजय सरांच्या टेबलाशी उभा राहिलो आणि बटाट्याची गोडी उतरायची राहिली होती आणि सगळी चूक माझी, असं सांगितलं. ताईंची जीभ तेवढी झाकून ठेवली. सर तसे मनाने वाईट नाहीत. "बाकी जेवण पसंत आहे रे," ते म्हणाले. "बारा-तेरा दिवस जाऊ देत. मग एक दिवस नुसते बटाटे आणू देत. जमले तर काम त्यांचं."

ताईंनी उरलेलं पोतं बाहेरच्या खोलीत फरशीवर पसरलं. पोरं कडेकडेनं बसून जेवायची. दोन आठवडे त्या रोज बटाटे उलटेपालटे करायच्या, नासका काढून टाकायच्या. माझ्याशी बोलणं कामापुरतं. मी मुकाट्यानं ताट संपवायचो.

सोमवारी कंपनीत न्यायचे होते, म्हणून रविवारी दुपारी त्यांनी आधी कढईभर करून बघितले. ताटली माझ्यापुढे ठेवली. मी एक चावला. साल कुरकुरली, आत मऊ, लसूण नाकात गेला, तिखट जिथं लागायला हवं तिथंच लागलं. गोडाचा लवलेश नाही.

"ताई, झाले!" मी ओरडलोच. "आईशप्पथ, एकदम बरोबर झालेत!"

ताई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी डोळे मोठे केले, हसलो, आणखी एक उचलला. जितकं पटवायला जावं तितका माझा मलाच मी खोटा वाटायला लागलो. दुसऱ्या कुणाला चाखायला बोलवावं, तर तोही माझ्याच वळणाचा.

"त्या गुरुवारीबी असंच तोंड केलं हुतंस," त्या म्हणाल्या.

"ताई, खरंच सांगतोय."

"आसंल बाबा. मला कसं कळणार?"

त्यांनी फडक्यानं कढई धरली आणि दूधवाल्याच्या म्हशींसाठी ठेवलेल्या बादलीत सगळे बटाटे पालथे केले. ज्या बाईनं कधी भाकरीचा तुकडा टाकला नाही, तिनं. "उद्या येत न्हाई म्हणून सांग सायबाला," त्या म्हणाल्या. "पुन्हा साठ माणसांत मला हसं करून घ्यायचं न्हाई. दिराला फोन करते."

माझा घास अजून तोंडातच होता. नऊ वर्षं मी त्यांच्याकडे जेवलो. इतके चांगले बटाटे त्यांच्या हातून कधीच झाले नव्हते.