पालथं पडून ऐकलेल्या कविता

संकटाच्या काळात माणसाला अखेर कविताच तारते. हे वाक्य मी नोकरीत असताना निरोपसमारंभांत, ग्रंथालयाच्या उद्घाटनांत आणि एकदा सेलूतल्या एका कापसाच्या जिनिंगच्या मुहूर्तालाही म्हटलेलं आहे आणि प्रत्येक ठिकाणी टाळ्या घेतल्या आहेत. म्हणताना मी नेहमी उभा असे. गेल्या हिवाळ्यात ते पालथं पडून तपासण्याची वेळ आली.

उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. डावा लहानपणापासून नावालाच आहे. त्याला समोरून एस.टी. आलेली कळते, ती कुठं जाणार हे कळत नाही. आयुष्यभर जे वाचलं आणि ज्याच्या जोरावर मराठी शिकवलं, ते सगळं उजव्याच्या जिवावर. नांदेडच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली आणि डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. बुडबुडा वर चढतो आणि पडद्याला दाबून धरतो, म्हणून माझा चेहरा सतत जमिनीकडं हवा. पडदा चिकटला तर वाचता येईल, नाही चिकटला तर येणार नाही, इतकं त्यांनी सरळ सांगितलं. बुडबुडा विरेपर्यंत विमानात बसायचं नाही, असंही बजावलं. सेलूहून विमान सुटत नसल्यामुळे हे पथ्य मी काटेकोर पाळलं.

दुसरं पथ्य अवघड होतं. पलंगावर पालथं पडलं की नाक उशीत जाई. बायकोनं दोन लोड लावले, मध्ये फट ठेवली, एकदा कपाळाखाली कणकेचा डबाही ठेवून पाहिला. शेवटी तिनं माहेरी ताडकळसला धाकट्या भावाला फोन केला. तो टेम्पोत सुताची बाज टाकून आला. बाजेच्या पायथ्याकडं ताण द्यायच्या दोऱ्या असतात. त्यानं त्या बाजूला सारून तोंड मावेल एवढी जागा केली, कडेनं जुनं लुगडं गुंडाळलं आणि म्हणाला, “घाला दाजी तोंड.”

घातलं.

“काय दिसायलंय?”

“फरशी.”

“अक्का,” तो स्वयंपाकघराकडं ओरडला, “दाजी जमिनीवर आले बघ.”

“लय वर्षं लागली,” आतून उत्तर आलं.

डोकं पायथ्याला आल्यामुळे काही गैरसोयी झाल्या. एक माजी विद्यार्थिनी पाया पडायला वाकली आणि तिचा हात माझ्या टकलाला लागला. तिनं तो तसाच कपाळाला लावून घेतला. नमस्कार पोचला, असं मी बाजेखालून सांगितलं.

पहिल्या काही दिवसांत मी पाठ असलेल्या कवितांचा आधार घ्यायचं ठरवलं. शेकडो पाठ आहेत, असा माझा समज होता. म्हणायला लागलो तेव्हा कळलं, की परीक्षेत संदर्भासह स्पष्टीकरणाला जेवढ्या ओळी विचारत, तेवढ्याच शिल्लक आहेत. प्रत्येक कविता दोन-चार ओळी चाले आणि थांबे, आणि पुढं अंधार असे. एरवी मी पुस्तक काढून पाहिलं असतं. आता पुस्तक काढता येईल का, हाच प्रश्न होता. तो विचार आला की मी फरशीच्या सांध्यातल्या मुंग्या बघत बसे. डाव्या डोळ्याला त्या फक्त हलणारी रेघ दिसत. रेघ बरी होती. ती मध्येच थांबत नव्हती.

बायकोला माझ्या पुस्तकांबद्दल एकच मत होतं: ती झाडावी लागतात. पण माझी पुटपुट ऐकून ती वैतागली असावी. एका दुपारी ती मेथीची जुडी आणि एक कवितासंग्रह घेऊन बाजेशेजारी पाटावर बसली. मला तिची पावलं आणि मेथीच्या काड्या दिसत होत्या.

“कुठून वाचू?”

“कुठूनही.”

“एवढाल्या पानावर एवढ्याशाच ओळी. कागद लय स्वस्त होता वाटतं.”

मग तिनं वाचायला सुरुवात केली. लग्नपत्रिका वाचावी तशी वाचली: कोण, कुठं, कधी. जिथं मी वर्गात आवाज खाली आणून खिडकीबाहेर बघत असे, तिथं ती न थांबता पुढं गेली. एक कविता झाली की थोडी मेथी निवडायची, मग दुसरी. दूध उतू जायला लागलं तर ओळ अर्धी टाकून उठायची, आणि आल्यावर भलत्याच ठिकाणी सुरू करायची. कवितेचं काही बिघडत नव्हतं. मला वाटत आलं होतं, की माझ्या आवाजाशिवाय कविता उभी राहणार नाही.

“ह्याच्यात बाई कोण बोलायली?” तिनं मध्येच विचारलं.

“कवीच.”

“कवी तर माणूस हाय.”

“बाईच्या तोंडून लिहिलीय.”

“मग बाईला इचारून तरी लिहायची.” थोडी मेथी निवडून झाल्यावर ती म्हणाली, “ही ओळ मात्र खरी हाय,” आणि ती ओळ पुन्हा वाचली. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात तिनं कवितेची ओळ दोनदा वाचण्याचा हा पहिलाच प्रसंग.

मधल्या काळात गावातल्या साहित्य मंडळाचे अध्यक्ष धीर द्यायला आले. शाल आणली होती. पुढून घालायला मी उपलब्ध नव्हतो, म्हणून ती पाठीवर पसरली. पुष्पगुच्छ मला दिसावा म्हणून त्यांनी बाजेखाली ठेवला. त्यावर माझा चेहरा अधांतरी, असं ते दृश्य असणार. शेजारीण दारातूनच परत गेली.

“सर,” अध्यक्ष म्हणाले, “चर्मचक्षू मिटले तरी प्रतिभेचे चक्षू...”

“मिटले न्हाईत अजून,” बायको म्हणाली. “औषध चालूय.”

मग त्यांनी बळ देणारी स्वतःची ताजी कविता वाचली. मला त्यांचे मोजे दिसत होते. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता आणि तो ठेका धरत होता. कविता मुक्तछंदात होती. ते गेल्यावर बायकोनं शाल घडी करून ठेवली आणि गुच्छातला हिरवा पाला परसातल्या शेळीला चालेल का, ते बघायला नेला.

मेव्हण्यानं एकदा शेतातून हुरडा भाजून आणला. ताट बाजेखाली ठेवलं, शेजारी शेंगदाण्याची चटणी. मी हात खाली सोडून चिमटीनं खात होतो. निम्मे दाणे तोंडाऐवजी फरशीवर जात आणि मुंग्यांची रेघ जाड होई. बायको वाचत होती, मेव्हणा ऐकता ऐकता जमिनीवरच घोरत होता. त्या अख्ख्या दुपारी मला डोळ्याची आठवण झाली नाही, हे संध्याकाळी लक्षात आलं. कवितेच्या तारण्याबद्दल माझ्याजवळ एवढाच पुरावा आहे, आणि त्यातला हुरड्याचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही.

संग्रह संपल्यावर ती एका जाडजूड कादंबरीवर आली. नायिका घर सोडून निघाली होती, स्टेशनपर्यंत पोचली होती, आणि आवाज बंद पडला. मी वाट पाहिली. पान उलटल्याचा आवाज आला.

“काय करायलीस?”

“वाचायलेय.”

“मग मोठ्यानं वाच की.”

“थांबा हो जरा. गाडी यायलीय.”

गाडी आली की नाही, हे मला जेवणाच्या वेळी कळलं.

तपासणीसाठी नांदेडला जाताना रेल्वेत मी हनुवटी छातीला टेकवून बसलो होतो. समोरच्या बाईनं बायकोला हळूच विचारलं, “कोण गेलं?”

“कुणी न्हाई. डोळ्यात हवा भरलीय.”

बाईनं उरलेला प्रवास खिडकीबाहेर बघत काढला. बायकोनं पिशवीतून कादंबरी काढली, पण पान उलटलेलं मला ऐकू आलं नाही.

डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. माझ्या खांद्यावर बायकोचा हात होता, तो जड होत गेला.

“चिकटलाय पडदा,” ते म्हणाले.

“परत एकदा बघा,” बायको म्हणाली. त्यांनी परत एकदा पाहिलं. चिकटलेलाच होता.

बुडबुडा हळूहळू लहान झाला, गोटीएवढा होऊन नजरेच्या तळाशी डुगडुगत राहिला, आणि एका सकाळी नव्हता. नवा चष्मा यायचा होता. मी भिंग घेतलं आणि हाताशी जे छापील होतं ते उजव्या डोळ्यासमोर धरलं. डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली होती. अक्षरं हलली, जराशी पसरली आणि जागेवर आली. थेंब थंड जागी ठेवावेत, असं लिहिलं होतं. ते पहिल्या दिवसापासून गॅसच्या शेगडीशेजारी होते.