सवतीचा हाफ स्वेटर

जुन्या फोटोवरून हुबेहूब विणून देणारी बाई म्हणून मला कोपरीत ओळखतात. बाळकुमच्या टॉवरमधल्या मुली मोबाईल पुढे करतात: पणजीच्या अंगातलं लोकरीचं पोलकं, आजोबांचा कॉलरवाला स्वेटर. गळा किती खोल, बॉर्डर किती रुंद, खांदा कुठे उतरलाय, यावरून तो कुठल्या जमान्यातला ते मी सांगते आणि तस्सा विणून देते. ठाण्यात थंडी पडते चार दिवस, जुन्याची हौस मात्र बारा महिने.

एका जुन्या स्वेटरचा मात्र मला कायम राग आला. यांचा तो हाफ स्वेटर. राखाडी, व्ही गळ्याचा, पुढे पिळाच्या विणीच्या दोन उभ्या वेण्या. यांच्या पहिल्या बायकोने विणलेला. ती लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली आणि मी दुसरेपणावर या घरात आले. माझ्या आत्याचंही असंच होतं. तिच्या गळ्यात सवतीचा टाक असायचा, मेलेल्या पहिलीची आठवण म्हणून दुसरीने वागवायची चांदीची छोटी प्रतिमा. माझ्या वाट्याला टाक आला नाही. हा स्वेटर आला, आणि तोही यांच्या अंगावर.

मी यांना कमी का स्वेटर विणले? "छान झालाय," म्हणतात, लग्नाकार्याला घालतात. सकाळी फिरायला जाताना हात त्या राखाडीकडेच जातो. मी तो मुद्दाम कपाटात मागे सारायची, हे तो बरोबर शोधून काढायचे. जळफळाट व्हायचा माझा. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. भिंतीवरच्या फोटोतल्या बाईशी काय भांडणार? ती तशीच तरुण, आणि वीण अशी घट्ट, एकसारखी, की चूक काढायला जागा नाही. शोधली होती मी, चष्मा लावून.

यंदा दिवाळीत कपाट आवरताना तो बाहेर आला, तर खालची कड कसरीने खाल्लेली. मनात पहिलं आलं ते हे, की सुटले. यांनी तो हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"होईल का गं काही?"

टाकून द्या, असं ओठांवर आलं होतं. पण अख्ख्या कोपरीत नाव माझं, आणि तिच्यापुढे हात टेकायचे? म्हटलं, बघते.

लोकरीसाठी डोंबिवलीपर्यंतची दुकानं पालथी घातली. नवा राखाडी रंग जुन्याशेजारी उठून दिसायचा. मग आठवलं, त्याच लोकरीचा तिने विणलेला मफलर ट्रंकेत आहे. यांना विचारून तो उसवला. टाक्यामागून टाका सुटत होता आणि मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. लोकर धुतली, तिचे वळ जावेत म्हणून वजन बांधून वाळवली. स्वेटरची खराब कड वेण्यांच्या खालच्या पिळांसकट कापून टाकली, मोकळे टाके सुईवर घेतले आणि तिथून खाली विणत गेले. माझा हात सैल, तिचा घट्ट. बारीक सुया घेतल्या तरी जमेना, पुन्हापुन्हा उसवलं. शेवटी लोकर बोटावर तिच्यासारखी आवळून धरायला शिकले. या वयात सवतीची शिकवणी.

स्वेटर हातात देताच यांनी तो लगेच अंगात घातला.

परवा फिरून आले ते खुशीत. बागेतल्या कट्ट्यावर कुणीतरी विचारलं होतं, एवढा सुंदर स्वेटर कुणी विणला म्हणून.

"मग काय सांगितलंत?"

"पहिलीने," हे सहज म्हणाले.

माझं डोकंच सणकलं. "खालचा सगळा मी विणलाय."

"अगं हो की. विसरलोच बघ." ओशाळून यांनी स्वेटर काढला, खिडकीशी नेऊन उलटसुलट करून पाहिला. "पण कुठून गं?"

मी तो हिसकावूनच घेतला. आज दाखवणारच होते, इथपर्यंत ती आणि इथून मी. वेणीवरून बोट खाली नेलं, परत वर आणलं, मग दुसऱ्या वेणीवरून नेलं. हे वाट बघत उभे होते.

मला सांगता येईना.