पाव्हणे, गाव कोणतं?

लेकीच्या सोयरिकीसाठी तीर्थपुरीला जायच्या आदल्या दुपारी मी जालन्यातल्या नव्या पबमध्ये बसलो होतो. बिअर तिथेच बनवतात हे ऐकल्यापासून मोह आवरत नव्हता. मुलाकडच्यांना मात्र मी निर्व्यसनी असल्याचं सांगितलं होतं, म्हणून भिंतीकडे तोंड करून बसलो.

तरी एक धोतरवाला गृहस्थ माझ्याच टेबलाशी येऊन बसला. त्याने फेसाळ ग्लासात बोट बुडवलं, चार थेंब खाली शिंपडले आणि मग वाकून ती चकचकीत फरशी स्वतःच्या रुमालाने पुसून घेतली.

"कुण्या गावचे?" त्याने विचारलं.

मी भोकरदनचा. पण तोंडातून निघालं, "परतूर. तुम्ही?"

"अंबड." मिशीवरचा फेस पुसत तो हसला. "घाबरू नका. इथं खरं गाव कोन सांगतंय? मी बी न्हाई सांगितलं."

मग याचं खरं गाव कोणतं? घरी पोचलो तरी तो प्रश्न सुटेना.

दुसऱ्या दिवशी तीर्थपुरीच्या बैठकीत पाणी आलं. मुलाच्या चुलत्याने ग्लासात बोट बुडवून चार थेंब खाली शिंपडले. चेहरा मी नंतर पाहिला.

"पाव्हणे, गाव कोणतं म्हनले तुमचं?" त्याने सगळ्यांदेखत विचारलं.

"भोकरदन."

"बराबर," तो म्हणाला, आणि रुमाल काढून फरशी पुसू लागला.

सोयरीक जमली. पण त्याच्यासमोर नुसतं पाणी पितानाही मी अजून भिंतीकडे तोंड करतो.