आत्याबाई आणि सेलवरची बंदूक

आमच्या घरात कोणतीही नवी वस्तू आली की तिला आधी वाजून दाखवावं लागे. कुकर असो, मिक्सर असो, टेबलफॅन असो, आत्याबाई ती वस्तू भांड्यांच्या मांडणीवर ठेवायला लावत. मग स्वतः मांडणीकडे पाठ करून पाटावर बसत, डोळे मिटत आणि म्हणत, "हं, करा चालू." वस्तू चालू झाली की मांडणीवरचे पेले थरथरत आणि आत्याबाई मान जराशी तिरकी करून ऐकत राहत. पुरतं ऐकून झालं की हात वर करायच्या. "बंद करा. कळलं." त्यानंतरच त्या वस्तूला घरात जागा मिळायची.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मामंजी कोयनेला धरणाच्या कामावर होते. ते गेल्यावर आमचे हे प्रकल्पावर लागले, आणि कोयनानगरची दोन खोल्यांची, सिमेंटच्या पत्र्याची क्वार्टर आमच्याकडेच राहिली. तिथली जमीन हलते हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. मी सांगलीची. आमच्याकडे कृष्णेला पूर येई, पण तो येताना दिसतो. इथलं संकट पायाखालून येणारं. लग्नानंतर पहिला धक्का बसला तेव्हा मी चुलीपुढं बसल्या जागी गोठले होते. आत्याबाईंनी दंडाला धरून मला अंगणात ओढलं. मग म्हणाल्या, "धक्का बसल्यावर भ्यायचं नसतं गं. आदी भ्यायचं."

त्यांच्या त्या परीक्षांचा अर्थ मला तेव्हा कळला. त्या म्हणत, "जिमीन आदी घोगरं बोलती, मग हालती. बोलणं वळखलं तर माणूस भाईर पडतंय." घरातला एकेक आवाज त्यांना पाठ होता. कुकर कसा गुरगुरतो, फॅनचं पातं कुठं घासतं, सगळं माहीत. उरला एकच आवाज. तो आला की त्या "भाईर!" अशी हाळी देत. क्वार्टरांची सबंध ओळ अंगणात यायची आणि मग पेले वाजायला लागायचे. किल्लारीला एवढी माणसं गेली, त्यानंतर तर कॉलनीतल्या बायका त्यांच्या दारावरून जाताना विचारायच्या, "आजी, आज कसं काय?" जणू आत्याबाईंनीच वरून काही ठरवायचं होतं.

शेजारच्या पवारीणबाई मात्र थट्टा करीत. एकदा भिंतीपलीकडून म्हणाल्या, "आवं आजी, आमच्या ह्यांच्या घोरण्याची पण परीक्षा घ्या की."

"घितली हाय," आत्याबाई म्हणाल्या. "रोज रात्री कानात येतंय. भूकंपापरीस बारीक हाय, पर लय वेळ चालतंय."

पवारीणबाई हसून हसून बेजार झाल्या. मलाही हसू आलं, पण मी पदर तोंडाला लावून हसले. मी चौथीतून शाळा सोडली तेव्हापासून घरात भावांच्या पाठीमागं उभं राहून बोलायची सवय. माझा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही. आत्याबाई त्यावरून सारख्या बोलत. "काय म्हणलीस? तोंडातल्या तोंडात काय बोलतीस? चिमणीबी ह्यापरीस मोठ्यानं बोलती." मी पुन्हा सांगे. त्या पुन्हा "आं?" करीत. पुढं पुढं ते फार वाढलं. आमचे हे चिडायचे, "जरा मोठ्यानं बोल की आईशी." मीही स्वतःलाच दोष देई. दुसऱ्या कुणाच्या मनात दुसरं काही यायचं कारणच नव्हतं.

सुमी, माझी मुलगी, पाच वर्षांची झाली त्या हिवाळ्यात माझा भाऊ सांगलीहून आला. तो हळदीच्या पेठेत कामाला होता. माल घेऊन मुंबईला गेला होता, तिथं पदपथावरच्या परदेशी मालातून त्यानं सुमीला एक बंदूक आणली होती. मुठीत मावेल एवढीच, निळी आणि नारिंगी. मुठीच्या पोटात सेल घालायचे. पुढचं बटण दाबलं की आतली मोटार घूं करून फिरायची. मग चाप ओढला की बोटाएवढी स्पंजची कांडी, टोकाला रबराची टोपी असलेली, सटकन सुटायची. सुमी तर वेडीच झाली. तिनं हात पुढं केला, तोवर आत्याबाई म्हणाल्या, "हिकडं आण आदी."

माझा भाऊ म्हणाला, "आवं मावशी, खेळणं हाय. स्पंज हाय त्यो, लागतोय कुठं?"

"लागतंय का न्हाई ते मी सांगीन. तू च्या पी."

त्या दुपारी आत्याबाईंनी त्या बंदुकीची जी तपासणी केली, तशी कुणी खऱ्या बंदुकीचीही करत नसेल. हातात घेऊन वजन पाहिलं. वास घेतला. "रबराचा वास हाय, उन्हात ठिवायची न्हाई." कांडी दोन बोटांत चेपून पाहिली, सोडून पाहिली, पुन्हा गोल होते का बघितलं. भावाला स्वतःच्या तळहातावर मारायला लावली. मग दंडाच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी पातळ असते तिथं. मग पाठीवर. "टोचत न्हाई. टिचकी मारल्यावानी लागतंय. पर डोळ्याला वाईट." एक कांडी पाण्यात बुडवून मारून बघितली, ती नळीतच अडकली. "हितल्या पावसात ही चार म्हैनं काय चालत न्हाई." शेवटी दारात उभं राहून अंगणात मारायला लावली. कांडी निम्म्या वाटेपर्यंत सरळ गेली आणि वाऱ्यानं खाली बसली. "थोडी जाती, मग मान टाकती. बरं हाय. लांब जाणारी नगंच."

भाऊ हसत हसत आमच्या ह्यांच्याबरोबर अंगणात जाऊन बसला. आत मी, सुमी आणि आत्याबाई राहिलो. खरी परीक्षा अजून व्हायचीच होती. त्यांनी पाट ओढला, मांडणीकडे पाठ केली आणि डोळे मिटले. "हं."

मी बंदूक मांडणीच्या पत्र्यावर टेकवली आणि बटण दाबलं. मोटार फिरायला लागली. पेले एकमेकांना लागून किणकिणले. आत्याबाई मान तिरकी करून बसून होत्या. मी बटणावर बोट दाबूनच धरलं. त्या बसूनच होत्या.

"दाब की गं," त्या म्हणाल्या.

"दाबलंय," मी म्हणाले.

"आं? दाब म्हणतीय नव्हं."

सुमी टाळ्या पिटून म्हणाली, "आजे, वाजतंय की! केवढं वाजतंय!"

आत्याबाईंनी डोळे उघडले आणि वळल्या. त्यांनी माझं बोट पाहिलं. हलणारे पेले पाहिले. मग त्यांनी हळूच हात पुढं करून पंजा मांडणीच्या पत्र्यावर टेकवला आणि तसाच ठेवला. "व्हय," म्हणाल्या. "बारीक हाय." आणि उठून मोरीत जाऊन उगाचच पायांवर पाणी घेत राहिल्या.

मी त्या दिवसापासून त्यांच्याकडे चोरून बघायला लागले. कुकरची शिट्टी होई तेव्हा त्या वाफेकडे बघत असत. दार वाजलं तर सुमीच्या मानेकडे बघत, ती वळली की त्या वळत. आणि पाट त्या अशा जागी मांडायला लागल्या होत्या की मांडणीवरचे पेले समोर दिसावेत. हे रात्रपाळी करून आले की निर्धास्त झोपत, कारण आई जागी आहे. पवारांच्या घरातली लहान पोरं झोपत, कारण आजी जागी आहे. आणि आजीला ऐकू येत नव्हतं. हे फक्त मला माहीत होतं, आणि मला कुणाला काही सांगता येत नसे. मी दिवसातून कितीदा तरी जमिनीला हात लावून बघत असे. जमीन गार आणि गप्प असायची. तिच्या गप्प असण्याचीच मला जास्त भीती वाटे.

पुढच्याच महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ, हे कामावर. मी मोरीत भांडी घासत होते. आत्याबाई उजेडासाठी माझ्याकडे आणि मांडणीकडेही पाठ करून, मांडणीलगत पाटावर बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. सुमी बाहेरच्या खोलीत बंदूक घेऊन खेळत होती. मला घूं असा आवाज आला. मी भांड्यावरून मान न उचलता म्हणाले, "सुमे, बंद कर ते. सेल संपतील."

"मी कुठं काय करतीय?"

आवाज अगदी पाठीमागून आला. सुमी पाणी प्यायला आत येऊन उभी होती. हात मोकळे. दारातून मला बाहेरची कॉट दिसत होती. तिच्यावर बंदूक पडलेली, गप्प. आणि घूं चालूच होतं, खालून, घोगरं.

मला सगळं कळलं आणि तोंडातून शब्द निघेना. आत्याबाई तांदळातला खडा शोधत होत्या. किती वेळ गेला देव जाणे, डोळा मिटून उघडण्याएवढाच असेल. मग "भाईर!" असा एक आवाज झाला. तो माझा होता हे मला नंतर कळलं. पवारीणबाई पोरांना घेऊन बाहेर धावल्या त्या आत्याबाईंची हाळी समजूनच. आत्याबाई मात्र हलल्या नाहीत. मी एका हातानं सुमीला आणि दुसऱ्या हातानं त्यांना दंडाला धरून ओढलं. आम्ही उंबरा ओलांडला आणि मागं सगळी मांडणी, भरल्या डब्यांसकट, त्यांच्या पाटावर आडवी झाली.

धक्का मोठा नव्हता. पत्रे वाजले, कुणाची तरी भिंत चिरली, माणूस कुणी दुखावलं नाही. पण आत्याबाई अंगणात मातीवर बसल्या त्या उठेनात. सूप हातात तसंच, तांदूळ सगळे वाटेत सांडलेले.

"मला न्हाई आलं गं ऐकू," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुला आदी काय वाटलं?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "बंदूक वाटली. सुमीची."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "मला डंपर वाटला हुता," म्हणाल्या.

सदुसष्ट सालच्या मोठ्या भूकंपात त्यांची थोरली मुलगी गेली एवढं मला माहीत होतं. कशी, ते घरात कुणी बोलत नसे. त्या दिवशी अंगणात बसून आत्याबाईंनी सांगितलं. धरणाच्या कामावर रात्रंदिवस डंपर चालायचे. त्या पहाटे घुमायला लागलं तेव्हा त्या जाग्या होत्या. "म्हणलं, डंपर आला. आन् कूस बदलली. पोरगी भिंतीकडंला हुती." मग सुमीला जवळ ओढून तिच्या केसांतली माती झटकत राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी बंदुकीचा निकाल दिला. "खेळणं चांगलं हाय. लागत न्हाई, मोडत न्हाई. पर घरात चालवायचं न्हाई." त्यांनी सेल काढले आणि पदराच्या गाठीत बांधले. सुमी मैदानावर निघाली की गाठ सोडून द्यायच्या, परत आली की काढून घ्यायच्या. मग मला म्हणाल्या, "आता तू ऐकायचं. माझं झालं."

मी रडकुंडीला आले. "मला न्हाई जमायचं, आत्याबाई. मी लय भित्री हाय."

"मग बरंच हाय की. धिटाचं काम न्हाई हे."

त्यानंतर माझी शिकवणी सुरू झाली. त्या मला पाटावर बसवत, डोळे मिटायला लावत, आणि घरात कुठंतरी, कधी फळीवर, कधी ट्रंकेवर, बंदूक टेकवून बटण दाबत. "कुठं हाय सांग." बंदूक वाजते की नाही हे त्यांना स्वतःला हाताला कळे तेवढंच. आधी मला ती सगळीकडेच ऐकू येई. भीतीनं कान भरलेले असायचे. हळूहळू एकेक आवाज वेगळा व्हायला लागला. मग हाळी. रोज संध्याकाळी मला ओट्यावर उभं करून त्या रस्त्यापर्यंत चालत जात आणि तिथून हात हलवत. मी "भाईर!" म्हणे. त्या कानाला हात लावून मान हलवत, न्हाई आलं. पुन्हा. कॉलनीतली माणसं दारात येऊन बघत. हे म्हणत, "घरात आता दोन भोंगे झाले." मी लाजेनं मरायची, पण आत्याबाई तिथून हलत नसत. ज्या दिवशी त्यांनी रस्त्यावरून मान डोलावली, त्या दिवशी घसा बसून मला पाणीही गिळवत नव्हतं.

आणि मग त्या झोपायला लागल्या. लग्न होऊन मी आले तेव्हापासून त्यांना दुपारी आडवं झालेलं मी पाहिलं नव्हतं. आता जेवण झालं की चटई टाकून म्हणत, "हायस नव्हं तू?" मी हाताला हात लावून "हाय" म्हणे, आणि त्या गाढ झोपत, लहान पोरासारख्या, तोंड उघडं टाकून. मी उंबऱ्यात बसून राही. त्या झोपेचं मला ओझं वाटायचं. जमीन, पत्रे, पेले, रस्त्यावरची गाडी, पवारांचा रेडिओ आणि या सगळ्यांत आत्याबाईंचा श्वास, एवढं सगळं मी धरून बसलेली असे.

अशीच दोन-अडीच वर्षं गेली. उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी उंबऱ्यात शेंगा फोडत होते. आत्याबाई आत झोपल्या होत्या. श्वास नेहमीसारखाच चालला होता, आत जाताना जरा अडखळणारा. मग एक आला, आणि त्याच्या पुढचा आला नाही. मी शेंग तशीच हातात धरून वाट बघितली. बाहेर कॉलनी सगळी गप्प होती. ऐकणारी मी एकटीच होते.